फादर, नोकरी सोडू का?



गेल्या काही वर्षांत आम्हां धर्मगुरूंकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. कधी तो मिस्सानंतर व्हरांड्यात विचारला जातो, कधी युवा मेळाव्यात, तर कधी पापनिवेदनानंतर जाता जाता. "फादर, नोकरी सोडू का?" विचारणारा मुलगा किंवा मुलगी १८ ते २१ वर्षांची असते. सकाळी कॉलेज, दुपारपासून किंवा संध्याकाळपासून काम. कोणी मोबाइलच्या दुकानात उभा असतो, कोणी मेडिकलमध्ये, कोणी डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावते, कोणी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, कोणी मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवतो. लग्नाच्या दिवसांत केटरिंगवाल्याकडे राबणारी मुले वेगळीच.

या प्रश्नाला घरात उत्तरे तयार असतात. वडील म्हणतात, "हातची नोकरी सोडू नकोस, आजकाल मिळते कुठे?" आई म्हणते, "आधी डिग्री पूर्ण कर, पैसा काय जन्मभर मिळवायचाच आहे." मित्र म्हणतात, "अरे, अटेंडन्सचे बघून घेऊ." आणि मूल बिचारे रात्री साडेदहाला घरी येऊन ताटावर बसल्या बसल्या पेंगते.

आमच्याकडे सर्वांना लागू पडेल असे 'हो' किंवा 'नाही' नाही. पण निर्णय कसा घ्यावा याचा एक मार्ग ख्रिस्तसभेने आपल्याला नक्की दिला आहे. आजच्या चिंतनात तो थोडा उलगडून पाहू.

१. काम हे कमीपणाचे नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असू द्या. शिकता शिकता काम करण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला ओळखले ते सुतार म्हणून (मार्क ६:३). जगाच्या तारणाऱ्याने आयुष्याची बहुतेक वर्षे हातात हत्यार धरून काढली. संत पौल मोठा विद्वान, गमलिएलच्या पायांशी बसून शिकलेला. पण करिंथ शहरात तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू बनवण्याचे काम करी आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात जाऊन लोकांशी संवाद साधी (प्रेषितांची कृत्ये १८:१-४). कोणावर आपला भार पडू नये, हा त्याचा बाणा होता.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही ही परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरिबाच्या मुलाने श्रम करून शिकावे हा विचार खेड्यापाड्यांत रुजवला. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहेत. तेव्हा जो मुलगा दुकानाच्या काउंटरवर उभा राहून स्वतःची फी भरतो, त्याच्याकडे पाहून आम्हांला अभिमानच वाटतो. रुपया कमवायला किती घाम लागतो हे त्याला कळलेले असते. गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून घेण्याची सवय, वेळेवर पोहोचण्याची शिस्त, आईच्या हातात पहिला पगार ठेवतानाचा आनंद, या गोष्टी कुठल्याही पुस्तकात मिळत नाहीत.

२. शिकणे हेही कामच

पण नाण्याची दुसरी बाजू आपण सहज विसरतो. अभ्यास हेही कामच आहे. त्याचा पगार आज मिळत नाही, म्हणून ते काम वाटत नाही, एवढेच.

धनी प्रवासाला निघतो आणि चाकरांच्या हाती आपली संपत्ती सोपवतो, हा दाखला आपल्या परिचयाचा आहे (मत्तय २५:१४-३०). त्यातील ज्या चाकराने आपल्या वाट्याचे जमिनीत पुरले, त्याने ते चोरले नव्हते की उधळले नव्हते. पण जे वाढवण्यासाठी दिले होते ते त्याने वाढू दिले नाही. तरुण वयातील तल्लख बुद्धी आणि शिकण्यासाठी मिळालेली तीन-चार वर्षे हीदेखील अशीच सोपवलेली संपत्ती आहे. जो वर्गात बसतो पण झोपेत असतो, जो पुस्तक विकत घेतो पण उघडू शकत नाही, त्याची ती संपत्ती नकळत जमिनीखाली जाते. मुलगा आळशी नसतो. उलट तो फार राबत असतो. म्हणूनच कोणी त्याला थांबवत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक साधा विचार आम्ही शिकलो: कोणतीही कृती कशासाठी आहे हे आधी पाहा. साधन वेगळे आणि साध्य वेगळे. औषध आरोग्यासाठी असते, आरोग्य औषधासाठी नसते. हाच विचार इथे लावून पाहा. कॉलेजात असताना घेतलेली नोकरी बहुधा शिक्षणासाठी घेतलेली असते: फी, पुस्तके, रेल्वेचा पास, घराला थोडा हातभार. म्हणजे ती साधन आहे. जोवर नोकरी शिक्षणासाठी जागा करून देते, तोवर ती आशीर्वाद आहे. ज्या दिवशी ती शिक्षणाचीच जागा खाऊ लागते, त्या दिवशी थांबून विचार केला पाहिजे. निर्णयाची किल्ली इथे आहे, असे आम्हांला वाटते.

३. पॅरिसमधला एक गरीब विद्यार्थी

हा प्रश्न आजचा आहे असे समजू नका. सुमारे ५०० वर्षांपूर्वी एका संताला तो पडला होता.

संत इग्नेशियस लोयोला एकेकाळचे सैनिक. पायाला तोफगोळा लागला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटले, आणि लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिकले पाहिजे हे त्यांच्या ध्यानी आले. १५२४ साली, वयाची तिशी उलटून गेल्यावर, ते बार्सिलोना शहरात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकू लागले. तिथे एक गंमत झाली. धडा पाठ करायला बसले की त्यांच्या मनात भक्तीचे सुंदर विचार दाटून येत. प्रार्थनेतही येत नसत इतके! अभ्यास बाजूला राही. पुढे त्यांनी ओळखले, की हा मोह आहे. चांगल्या गोष्टीचे रूप घेऊन आलेला, पण हाती घेतलेल्या कामापासून दूर नेणारा. ते थेट आपल्या शिक्षकांकडे गेले, त्यांना हे सांगितले आणि वर्ग चुकवणार नाही असे वचन दिले.

१५२८ साली ते पॅरिसला पोहोचले. जवळचे थोडे पैसे त्यांनी सोबत राहणाऱ्या एकाकडे ठेवायला दिले होते. त्याने ते खर्च करून टाकले. आता खोलीचे भाडे देणे शक्य नव्हते. मग ते गरिबांसाठी असलेल्या एका धर्मशाळेत राहू लागले. पोट भरण्यासाठी भिक्षा मागू लागले. पण धर्मशाळा कॉलेजापासून दूर. उजाडल्याशिवाय तिचे दार उघडत नसे आणि संध्याकाळची घंटा झाली की बंद होई. त्यामुळे सकाळचे आणि संध्याकाळचे पाठ बुडत. शिवाय भिक्षा मागण्यात दिवस जाई. काही काळाने त्यांनी पाहिले, की आपण शिकायला आलो खरे, पण शिकणे काही होत नाही.

तेव्हा त्यांनी काय केले? त्यांनी शिक्षण सोडले नाही. जमेल तसे ढकलत राहिले असेही नाही. आधी त्यांनी एखाद्या प्राध्यापकाच्या घरी चाकरी मिळते का ते पाहिले. तेव्हा काही गरीब विद्यार्थी तसे करून शिकत असत. ती चाकरी खूप शोधूनही मिळाली नाही. मग एका स्पॅनिश संन्याशाने त्यांना सल्ला दिला: दरवर्षी फ्लँडर्स प्रांतात जाऊन तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून मदत गोळा करावी. दोन महिने किंवा त्याहून कमी दिवस मोडतील, पण उरलेले वर्ष अभ्यासाला मोकळे मिळेल. इग्नेशियसनी तो मानला. पुढे ते सेंट बार्ब कॉलेजात तत्त्वज्ञान शिकू लागले. तिथे त्यांच्या खोलीत दोन तरुण होते. एक पीटर फेबर आणि दुसरे आपल्या सर्वांचे लाडके संत फ्रान्सिस झेवियर, जे पुढे १५४२ साली गोव्यात उतरले आणि आपल्या वसईतही येऊन गेले. विचार करा, इग्नेशियस त्या दूरच्या धर्मशाळेत अर्धेमुर्धे शिकत राहिले असते, तर कदाचित ही भेटही घडली नसती.

बंधू-भगिनींनो, इथे आपल्याला शिकण्यासारखे एवढे आहे: त्यांनी साध्य घट्ट धरले आणि साधन बदलले. आपल्यापैकी पुष्कळ जण नेमके उलटे करतात. साधन घट्ट धरतात आणि साध्य हातून निसटू देतात.

४. आधी खाली बसा, हिशेब करा

बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील, असे प्रभू येशूने सांगितले (लूक १४:२८-३०). मूळ संदर्भ शिष्य होण्याचा आहे, पण बसून हिशेब करण्याचा सल्ला सगळीकडे उपयोगी पडतो. तेव्हा कागद-पेन घेऊन खरोखरच बसा.

पहिला हिशेब वेळेचा. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ७ तास धरली तर ४९. कॉलेज रोज ५ तास, सहा दिवसांचे ३०. वसई रोड स्टेशनवरून लोकल पकडून मुंबईच्या कॉलेजात जाणे-येणे, घर ते स्टेशन धरून, रोजचे ३ तास, म्हणजे १८. नोकरी रोज ५ तास, सहा दिवसांचे ३०. जेवणखाण, आंघोळ, घरातली कामे रोज ३ तास, म्हणजे २१. बेरीज होते १४८. उरले २०. त्यात सहा दिवस रोज दोन तास अभ्यास केला तर १२ गेले. उरलेल्या ८ तासांत मिस्सा, आई-वडील, मित्र, आजारपण, पाहुणे, सगळे आले. आणि मालकाने रविवारीही ८ तासांना बोलावले तर शिल्लक शून्य. यात कोणी मांडणी चुकवलेली नाही. दिवसच तेवढा आहे. झोप कापूनच पुढचा तास मिळतो, आणि कापलेल्या झोपेची वसुली शरीर कधीतरी करतेच.

दुसरा हिशेब पैशांचा. पगार किती, हे सगळे सांगतात. हातात उरतो किती, हे थोडेच सांगतात. कामावर जाण्यायेण्याचा खर्च, बाहेरचे खाणे, कामासाठी घेतलेल्या फोनचा किंवा मोटारसायकलचा हप्ता, पेट्रोल, आणि अभ्यास मागे पडला म्हणून लावलेला क्लास हे वजा करा. उरलेला आकडा लिहा. मग प्रामाणिकपणे विचारा, हा पैसा कुठे जातो? फीसाठी जात असेल तर एक उत्तर. घरच्या औषधांसाठी जात असेल तर वेगळे उत्तर. आणि नव्या फोनच्या हप्त्यासाठी जात असेल, तर नोकरी फोनसाठी आणि फोन नोकरीसाठी असे चक्र फिरते आहे. त्यात शिक्षण कुठेच नाही.

तिसरा हिशेब अभ्यासाचा. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. तुमची किती आहे? किती विषयांत ए.टी.के.टी. लागली आहे? मागच्या वर्षाशी तुलना केली तर आलेख चढता आहे की उतरता? आणि आम्हां धर्मगुरूंचा एक जास्तीचा प्रश्न: तुमचा रविवार अजून तुमचा आहे का? देवाने विसाव्याचा दिवस दिला तो माणसाला राबणारे यंत्र होऊ न देण्यासाठी. मिसर देशात इस्राएली लोकांना सुट्टी नव्हती, कारण ते गुलाम होते. शब्बाथाची आज्ञा ही सुटलेल्या माणसांची आज्ञा आहे (अनुवाद ५:१२-१५).

५. निर्णय कधी घेऊ नये आणि कसा घ्यावा

इग्नेशियस यांची 'आध्यात्मिक साधना' ही छोटी पुस्तिका जगभर प्रार्थना-शिबिरांत वापरली जाते. तिच्यातला एक नियम आम्ही तरुणांना नेहमी सांगतो: मन उदास, काळवंडलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. मालक चारचौघांत बोलला, त्या रात्री नोकरी सोडायची नाही. परीक्षेचा पेपर अवघड गेला, त्या संध्याकाळी कॉलेज सोडायचे नाही. एलिया संदेष्टा थकून झुडुपाखाली बसला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला खायला दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९:४-८). देवाचा आवाज त्याला नंतर ऐकू आला. तेव्हा आधी दोन रात्री नीट झोपा. मग निर्णयाला बसा.

बसल्यावर कागदाचे चार भाग करा, हीसुद्धा इग्नेशियसचीच पद्धत. नोकरी ठेवण्याचे फायदे, ठेवण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे. ठेवण्याचा तोटा आणि सोडण्याचा फायदा एकच ना, असे वाटेल. पण लिहू लागलात की वेगळ्या गोष्टी बाहेर येतात. मग असा विचार करा: तुम्ही पूर्वी कधी न पाहिलेला एक मुलगा तुमच्यासमोर आला आहे. त्याची परिस्थिती हुबेहूब तुमच्यासारखी आहे आणि त्याचे पूर्ण भले व्हावे असे तुम्हांला मनापासून वाटते. तुम्ही त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा. स्वतःच्या बाबतीत आपण भीतीने बोलतो, परक्याच्या बाबतीत बऱ्याचदा खरे बोलतो.

संत थॉमस ॲक्वायनस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्ला घेणे, निर्णय करणे आणि तो अमलात आणणे. त्यांच्या मते तिसरी पायरी मुख्य. सहा महिने सर्वांना विचारत फिरणारा आणि काहीच न करणारा माणूस विवेकी नव्हे. सल्ला घ्या, पण दोघा-तिघांचा घ्या: एक घरचा, एक कॉलेजातल्या प्राध्यापकांपैकी, एक श्रद्धेत पुढे गेलेला माणूस. मग तारीख ठरवा, त्या दिवशी मिस्साला या, निर्णय प्रभूपुढे ठेवा. मनाला स्थिर शांती लाभते का ते पाहा. आणि चालू लागा.

एक गोष्ट विसरू नका. 'सोडू का ठेवू' यांच्यामध्येही पुष्कळ वाटा असतात. सहाऐवजी चार दिवस काम मागता येते. परीक्षेच्या महिन्यात बिनपगारी रजा मागता येते. दूरचे काम सोडून गावातच शिकवण्या घेता येतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद सोडवत बसला होता. त्याचा सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि हे चांगले नव्हे, तू झिजून जाशील, असे त्याला बजावले (निर्गम १८:१३-२३). त्याने मोशेला काम सोडायला सांगितले नाही. ओझे वाटून घ्यायला सांगितले.

६. जिथे पगारावर चूल पेटते

आता सर्वांत अवघड बाब. काही घरांत मुलाची नोकरी ही शिकण्याची सोय नसते, ती चूल असते. वडील अंथरुणावर आहेत, किंवा वाडीचे उत्पन्न पावसाने नेले, किंवा घरात कमावते दुसरे कोणीच नाही. अशा मुलीला 'नोकरी सोड, अभ्यास कर' असे सांगणे सोपे आहे, पण ते तिच्या डोक्यावर दगड ठेवण्यासारखे आहे.

अशा मुलामुलींनी संत जॉन पॉल दुसरे यांच्याकडे पाहावे. पोलंडवर जर्मनांचा ताबा असताना, १९४० साली, तरुण कॅरोल वोयतिला दगडाच्या खाणीत कामाला लागले आणि पुढे रसायनांच्या कारखान्यात. हे काम सोडणे त्यांना शक्य नव्हते. कामाचे ओळखपत्र होते म्हणूनच सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला पाठवले जाण्यापासून ते वाचत होते. १९४२ मध्ये ते गुप्तपणे चालणाऱ्या सेमिनरीत दाखल झाले आणि कारखान्यातल्या पाळीत तत्त्वज्ञानाचे अवघड पुस्तक घेऊन बसू लागले. १९४४ च्या फेब्रुवारीत कामावरून परतताना एका ट्रकची धडक बसून ते इस्पितळात पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्चबिशप सापिएहा यांनी सेमिनरीच्या मुलांना आपल्या निवासात आणून ठेवले, आणि मगच कॅरोल यांचे कारखान्यात जाणे थांबले. पुढे पोप झाल्यावर १९८१ साली त्यांनी मानवी श्रमावर विश्वपत्र लिहिले. त्याचा गाभा हा, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. खाणीत दगड फोडलेल्या माणसाचा हा विचार आहे.

इग्नेशियसनी अडथळा दूर केला, कॅरोल यांनी तो सोसला. दोघेही संत झाले. तेव्हा ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. तीन वर्षांची पदवी चार-पाच वर्षांत पूर्ण केली तरी ती पदवीच असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून शिकता येते.

पण एक प्रश्न आम्ही इथे पालकांना आणि धर्मग्रामाला विचारू इच्छितो. ज्या घराची चूल १९ वर्षांच्या मुलीच्या पगारावर पेटते, तिथे 'नोकरी सोडू का' हा निर्णय तिने एकटीने का घ्यावा? तो साऱ्या घराचा निर्णय आहे. आई-बाबांनी मुलांसमोर घरचा हिशेब उघडा ठेवावा. किती येतात, किती जातात, कर्ज किती. पुष्कळदा मुले घरची गरज आहे त्याहून मोठी समजतात आणि गुपचूप राबतात. कधी गरज खरी असते, पण दुसरा भाऊ, काका, मामा थोडे थोडे उचलू शकतात; त्यांना कोणी विचारलेलेच नसते. घरात लग्नाच्या हॉलला आणि बँडला पैसे निघतात, मग वर्षभराची फी का निघत नाही, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारू या.

मदतीच्या वाटाही पाहा. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शुल्क सवलतीच्या योजना आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना शुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. अर्जाची मुदत टळू देऊ नका. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र आधीपासून चढते, हे लक्षात ठेवून नेमके हवे तेवढेच घ्या. आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेकडे येण्यास संकोच करू नका. १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू झाली ती फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकाराने. ओझानाम तेव्हा २० वर्षांचे कॉलेजातले विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संस्थेकडे विद्यार्थ्याने येण्यात कसली लाज?

आपल्यापैकी जे दुकानदार, डॉक्टर, क्लासचालक आहेत, त्यांनाही एक विनंती. तुमच्याकडे काम करणारे कॉलेजचे मूल हे कोणाचे तरी लेकरू आहे. परीक्षेच्या आठवड्यात त्याला रजा द्या, रविवारी मिस्साची वेळ मोकळी ठेवा, पगार वेळेवर द्या. मजुरी अडवून ठेवणाऱ्यांविषयी संत याकोबाने किती कठोर लिहिले आहे ते आपण वाचलेच आहे (याकोब ५:४).

७. सोडायचे ठरले तर

शेवटी, ज्यांचा निर्णय 'सोडायचे' असा होईल त्यांच्यासाठी. जाणेही ख्रिस्ती माणसाला शोभेल असे असावे. फोन बंद करून गायब होऊ नका. मालकाला समोर भेटा, खरे कारण सांगा, दुसरा माणूस मिळेपर्यंत ठरलेले दिवस काम करा, नव्याला काम शिकवून या. ज्याने पहिली संधी दिली त्याचे आभार माना. उद्या दाखला लागेल म्हणून नव्हे, तर ते न्याय्य आहे म्हणून.

आणि मिळालेला वेळ कोणाचा आहे हे लक्षात ठेवा. नोकरी सोडून उरलेले ३० तास मोबाइलच्या पडद्यावर गेले, तर नोकरीच बरी होती. सोडलेल्या तासांना लगेच नवे काम द्या: वाचनालयात बसण्याची वेळ, मागे राहिलेल्या विषयाचा अभ्यास, आईबरोबर संध्याकाळची जपमाळ. घरात कमी आलेले पैसे जाणवतील. तेव्हा स्वतःचा खर्च आधी कमी करा.

ज्यांचा निर्णय 'ठेवायचे' असा होईल, त्यांनी दर सहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा काढावा. जी नोकरी पहिल्या वर्षी शिक्षणाला टेकू होती, ती तिसऱ्या वर्षी ओझे झालेली असू शकते. तेव्हा निर्णय बदलावा लागला तर त्यात पराभव नाही.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानच्या बाजूला चांगला चाललेला व्यापार सोडला आणि ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. सोडताना पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणाला बोलावत आहे हे मात्र ठाऊक होते. आपणही तेवढेच मागू या.

हे प्रभू, आमच्या मुलांच्या हातांना काम दे आणि बुद्धीला प्रकाश दे. थकलेल्यांना विसावा दे. कधी धरावे आणि कधी सोडावे याची पारख तुझ्या पवित्र आत्म्याने त्यांना दे. आणि त्यांचे ओझे एकट्यावर पडू नये म्हणून आम्हां सर्वांना, घराला आणि धर्मग्रामाला, त्यांच्या खांद्याला खांदा लावायला शिकव. आमेन.